मटण, सौदा आणि शाळू



आपल्याकडच्या जत्रा ज्या शब्दावाचून पार पडत नाहीत, तो ‘मटण’ हा शब्द मूळचा फ्रेंच आहे. फ्रेंचमध्ये ‘मूताँ’ म्हणजे मेंढरू. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि तिथला दरबार फ्रेंच बोलू लागला. मेंढरं राखणारा इंग्रज ‘शीप’च म्हणत राहिला, ताटातल्या मांसाला पुढं जेत्यांचा शब्द चिकटला. इंग्रजांबरोबर तो इथं आला. आपणही बोकड पाळतो आणि मटण खातो.

मराठीवर अशीच छाप फारसीची पडली. बहमनी आणि आदिलशाही अमलात दरबारी कारभारात तिचा मोठा वापर होता. आपल्या हळदीकडे बघा. शेतात ती लावायची, काढायची, शिजवायची, वाळवायची. पूर्वी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, साठवायची. हे शब्द घरचे. मार्केट यार्डात पोती उतरली की तीच हळद ‘माल’ होते. मग दलाल, हमाल, सौदा, हिशेब, नफा! यातले बहुतेक शब्द मूळचे अरबी, पण आले फारसीच्या वाटेनं. तोटा मात्र आपलाच. पूर्वी ज्या रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत, तो रुमालही फारसी: ‘रू’ म्हणजे चेहरा, ‘माल’ म्हणजे पुसणारा.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. रघुनाथपंत हणमंते यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव. सचिव आज मंत्रालयात बसतो, इतका तो शब्द रुजला. ही दूरदृष्टी मला फार मोठी वाटते. पदाचं नाव हुकमानं बदलता येतं. बाजारातल्या बोलण्यावर मात्र असा हुकूम चालत नाही, म्हणून दलाल आणि हमाल जिथल्या तिथं राहिले.

शेतातले सगळेच शब्द घरचे, असंही नाही. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू, रब्बी म्हणजे वसंत. म्हणजे आपल्याकडे पीक हाती येतं तो काळ. शेतसाऱ्याचा हिशेब पिकांच्या हंगामावर चाले, त्यामुळं दप्तरातली ही नावं थेट बांधापर्यंत पोचली. ‘हंगाम’ही फारसीच. त्या रब्बीत पेरलेल्या ज्वारीला मात्र आपला शेतकरी आजही शाळूच म्हणतो.