काळोत्री, मृत्युपत्र आणि अवसान

(बडोद्यातील वार्षिक सत्रात केलेले भाषण)



माझे वडील गेले त्या दिवसाची गोष्ट. वर्तमानपत्रात बातमी द्यायची होती. गुजराती माध्यमात शिकलेला माझा मुलगा म्हणाला, "बाबा, आजोबांचं मृत्युपत्र छापायला मी देऊन येतो." माझे काका भडकले. "मृत्युपत्र कशाला? वाटण्या करायच्यात का?" जमलेल्यांपैकी दोघेतिघे हसले. मुलगा गप्प झाला. तेव्हापासून तो काकांशी गुजरातीतच बोलतो.

खरे तर त्याचे काय चुकले? त्याच्या मनात काळोत्री होती. गुजरातेत लग्नाची ती कंकोत्री, मरणाची ती काळोत्री. कंकोत्री म्हणजे आपली कुंकुमपत्रिका, बोलून बोलून झिजलेली. काळोत्रीतही तीच पत्री आहे. कुंकवाच्या जागी काळ आला, एवढेच. आम्हा बडोदेकर मराठी घरांतही हा शब्द रुळलेला आहे. माझी आजी काळोत्री उंबऱ्याबाहेर वाचून घेई, तिथेच फाडून टाकी आणि आंघोळीला जाई. मुलाने या शब्दाचे मराठी केले: मृत्यूचे पत्र. घडण बिनचूक होती. पण मराठीत ती जागा आधीच अडलेली. गुजराती ज्याला वसियतनामुं म्हणतो, ते आपले मृत्युपत्र. मरणाची बातमी ती निधनवार्ता.

मुलाला हसणाऱ्या आम्हा मोठ्यांचीही गंमत ऐका. गुजराती वर्तमानपत्रात ही बातमी 'अवसान नोंध' या सदरात येते. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट. गुजरातीने तो अर्थ राखला. मराठी बोलण्यात मात्र अवसान म्हणजे धीर, बळ. आपले अवसान गळते, आपण उसने अवसान आणतो. लग्न होऊन पुण्याहून आलेली माझी वहिनी ते सदर पाहून म्हणाली होती, "धीराची कसली नोंद?" तिला कोणी रागावले नाही. आम्ही तिला अर्थ सांगितला, आणि ती गुजराती शिकली.

इथे शिक्षक मंडळी पुष्कळ आहेत, म्हणून सांगतो. दोन भाषांत वाढणारे मूल असा शब्द घडवते, तेव्हा ते मराठीतच विचार करत असते. त्याला आधी म्हणावे, "बरोबर जोडलास." मग सांगावे, "पण मराठीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे." त्या दिवशी मी एवढे बोलायला हवे होते. माझेच अवसान गळाले होते.