पत्री, जलरंग आणि कच्छ
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी चित्रकार नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, रस्त्याच्या कामावरचा सरकारी माणूस. कार्यकारिणीतल्या कोणीतरी माझी चित्रांची वही पाहिली आणि आज मला इथे उभे केले. तेव्हा भाषण आवडले नाही तर कार्यकारिणीला बोला.

सकाळी आपण बाप्पाला पत्री वाहिली. त्या एकवीस पत्रींत शमी आहे, रुई आहे. आरतीला गुगुळाचा धूप होता. ही तिन्ही झाडे कच्छच्या कोरड्या जमिनीत आपली आपण वाढतात. बडोद्यात आपल्याला पत्री जुडीतून मिळते आणि गुगुळ पुडीतून. त्यामुळे गुगुळाचे झाड कसे असते हे चाळिशीपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. भुजला बदली झाली, सुट्टीच्या दिवशी करायला काही नव्हते, म्हणून मुलीची जलरंगाची पेटी घेऊन गेलो.

पहिले चित्र रुईचे, गुजरातीत आकडो. ट्यूबमधला सॅप ग्रीन काढला आणि पान रंगवले. ते जगातल्या कुठल्याही झाडाचे पान दिसत होते, रुईचे सोडून. मग खऱ्या पानावर बोट फिरवले तर पांढरी भुकटी बोटाला लागली. ती बारीक लव असते. ऊन परतवते, पानातले पाणी राखते. म्हणजे वाळवंटी झाडाचा तो राखाडीपणा ही धूळ नव्हे, ती त्याची जगण्याची सोय आहे. तेव्हापासून तयार हिरवा बंद. अल्ट्रामरीन निळा, यलो ओकर आणि किंचित बर्न्ट सिएना, एवढ्यात रुईचे पान होते. जिथे ऊन पडले आहे तिथे कागद कोराच सोडायचा.

केरड्याचे उलटे. ज्याचे लोणचे आपण गुजराती शेजाऱ्यांकडे खातो तोच, मराठीत नेपती. त्याला वर्षातला बराच काळ पानेच नसतात, अन्न तयार करायचे काम हिरव्या काड्या करतात. तिथे हिरवा लागतो, पण काड्यांना. वर विटकरी फुले.

कच्छात एप्रिलमध्ये रंगवणे म्हणजे शर्यत. वॉश अर्ध्या कागदावर जाईपर्यंत वरची कड वाळलेली असते आणि तिथे डाग पडतो. मी 300 जीएसएमचा कागद पाठीमागूनही भिजवतो, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकतो आणि आठच्या आत आटोपतो. थोराच्या काट्यांनी फार छळले. शेवटी जमले ते असे: रंग पूर्ण वाळू द्यायचा आणि ब्लेडच्या टोकाने खरवडायचा, काटा पांढरा उमटतो. ओल्यात खरवडलात तर चरीत रंग साचून काळी रेघ येते. दोन्ही चुका करून झाल्या आहेत.

आता गुगुळ. नखत्राणा तालुक्यात एका रस्त्याचे रुंदीकरण होते, सर्व्हेला मी होतो. कडेला एक झुडूप होते. निष्पर्ण, काटेरी, वाकडेतिकडे. सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले, खालून हिरवट खोड. आमचा ड्रायव्हर कच्छी. तो म्हणाला, "साहेब, आ गुगळ छे." डिंकासाठी लोक खोडाला चिरा देतात आणि चिरा जास्त झाल्या की झाड वाळते. म्हणून गुगुळ आज आययूसीएनच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहे. या झुडपाला एकही चीर नव्हती.

सलग तीन रविवार मी त्याच्यासमोर बसलो. आधी फिक्या ओकरचा वॉश, तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने पापुद्रे. सावलीत काळा नाही, निळसर जांभळा. आणि फांदीच्या खालच्या बाजूला जमिनीवरून उसळलेला तांबूस उजेड. हा उजेड मला तिसऱ्या रविवारी दिसला.

तिसऱ्या रविवारी मी त्याचा घेरही मोजला. 19 सेंटीमीटर. आमच्या एस्टिमेटमध्ये 30 सेंटीमीटरपर्यंत घेर असेल तर ते झाड म्हणून मोजत नाहीत. ते 'जंगल सफाई'त जाते, चौरस मीटरच्या दराने. शेजारच्या शमीला नंबर पडला, कारण तिचा घेर मोठा. गुगुळाला नंबर नाही, नोंद नाही. मोजमाप माझ्याच हातचे होते. वर एक टिपण पाठवता आले असते. मानले असते की नाही, सांगता येत नाही. मी पाठवले नाही. पावसाळ्याआधी जेसीबी आला.

नंतर दुसऱ्या एका कामावर असेच झुडूप दिसले तेव्हा टिपण लिहिले, सोबत चित्राची झेरॉक्स जोडली. साहेब हसले, पण गटाराची लाइन दीड मीटर सरकली. ते झुडूप गेल्या दिवाळीपर्यंत तरी होते.

पहिल्याचे चित्र बाहेर, मांडवाच्या डाव्या हाताला लावले आहे. खाली नाव न लिहिता चेनेज लिहिली आहे. उद्या सकाळी आठला मुलांनी ब्रश आणि एक जुना टॉवेल घेऊन यावे. रुईची पाने मी आणतो.