पुरःस्थ ग्रंथीवर गर्भावस्थेचा ठसा

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, पुरुषाच्या मूत्राशयाखाली मूत्रनलिकेला वेढून असते. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम भरते. तिची वाढ आणि तिचा कर्करोग हे दोन्ही मुख्यतः उतारवयातले विकार. ग्रंथीची जडणघडण मात्र गर्भावस्थेतच, दहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते.

गर्भाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन स्रवते. एका विकराच्या क्रियेने त्याचे अधिक प्रभावी संप्रेरक बनते आणि ते या ग्रंथीला आकार देते. डॉमिनिकन रिपब्लिकमधील काही कुटुंबांत हे विकर जन्मतःच अपुरे असल्याचे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा पुरुषांची पुरःस्थ ग्रंथी आयुष्यभर लहानच राहते. याच विकराला रोखणारे फिनास्टेराइड हे औषध आज ग्रंथीच्या वाढीवर दिले जाते.

इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाचा परिणाम वयानुसार बदलतो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर त्याचा उपयोग दाखवला. त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. घडत्या ग्रंथीवर मात्र त्याची क्रिया निराळी होते. उंदरांत या ग्रंथीची बरीचशी जडणघडण जन्मानंतर होते, त्यामुळे नवजात उंदीर अभ्यासाला सोयीचे ठरतात. अमेरिकेत गेल प्रिन्स, शुक-मेई हो आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांना इस्ट्रोजेन किंवा प्लॅस्टिकमधील इस्ट्रोजेनसदृश बिस्फेनॉल-ए अल्प मात्रेत दिले. पुढे प्रौढपणी संप्रेरकांचा भार पडताच त्यांच्यात कर्करोगपूर्व विकृती अधिक आढळल्या. निरोगी उंदरांत वयानुसार मिटणारे एक जनुक त्यांच्यात जागेच राहिले होते. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. जनुकाची अक्षरे तीच राहतात. बदलते ती त्यावरील रासायनिक खूण.

माणसांत डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनचा अनुभव बोलका आहे. गर्भपात टाळण्यासाठी ते अमेरिकेत १९७१ पर्यंत गरोदर स्त्रियांना सर्रास दिले गेले. पुढे त्यांच्या काही मुलींना योनीचा दुर्मिळ कर्करोग झाला, तर मुलांमध्ये वृषण अंडकोशात न उतरण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. या मुलांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही गर्भ घडत असताना बाहेरून आलेले संप्रेरक निरुपद्रवी मानता येत नाही. युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत बिस्फेनॉल-ए वापरण्यास बंदी घातली. गरोदरपणात कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.