आपला फोन उचलला जावा म्हणून

आज आपण फोनबद्दल बोलू. गटातून ग्राहकाला जो फोन जातो, त्याबद्दल.

पापड, कुरडया, काळा मसाला, दिवाळीचा फराळ. माल तयार, ऑर्डर पक्की, पार्सल बांधून ठेवलेले. पत्ता विचारायला फोन लावावा तर समोरून कोणी उचलत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाला असे वरचेवर होऊ लागले. मग एका जुन्या ग्राहक ताईंनी सांगितले की आमचा नंबर त्यांच्या फोनवर लाल रंगात दिसतो आणि खाली ‘स्पॅम’ असे येते. स्पॅम म्हणजे नको असलेला, कदाचित फसवा फोन. तेवढ्यात दोन पार्सले फिरून परत आली होती. जाण्यायेण्याचा खर्च गटाच्या अंगावर पडला.

हा शिक्का येतो कुठून? अनोळखी नंबरचे नाव दाखवणारी ॲप असतात. ती वापरणारे लोक नको असलेला नंबर स्पॅम म्हणून कळवतात. बऱ्याच जणांनी कळवले की तो नंबर सगळ्यांनाच लाल दिसू लागतो. आता काही मोबाइल कंपन्याही स्वतःहून इशारा देतात. एका नंबरवरून थोड्या वेळात किती फोन गेले, बोलणे किती लांबले, हे त्या पाहतात. म्हणजे सकाळी बसून एकामागून एक साठ फोन केले आणि ते दहा-दहा सेकंदांत तुटले, तर आपला खरा फोनही त्यांना भामट्याच्या फोनसारखाच वाटू शकतो.

कधी दोष सिमच्या आधीच्या मालकाचा असतो. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला दिला जातो. त्याची जुनी बदनामी आपल्या पदरी येते. म्हणून नवीन सिम घेतले की असे ॲप असलेल्या दोन-तीन ओळखीच्या फोनवर रिंग देऊन बघा.

आता नियमाचे बोलू. ऑर्डरचा पत्ता विचारणे वेगळे आणि ‘आमचा माल घ्या’ म्हणून अनोळखी लोकांना फोन करणे वेगळे. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत आणि त्यासाठी नोंदणी लागते. आपल्या साध्या दहा आकडी नंबरवरून तसे फोन करता येत नाहीत. ग्राहक १९०९ वर तक्रार करू शकतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, फेब्रुवारी २०२५ मध्ये हे नियम कडक केले. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई होऊ शकते. पहिल्यांदा १५ दिवस आपल्याकडून फोन लागत नाही. पुन्हा तसेच घडले तर वर्षभरासाठी जोडणी तोडली जाते. ऐन दिवाळीत गटाचा फोन पंधरा दिवस मुका झाला तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

मग आम्ही काय करतो ते ऐका.

गटाचा एकच नंबर ठेवला आहे. आज हिच्या फोनवरून, उद्या तिच्या फोनवरून, असे होत नाही.

महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात किंवा आठवडी बाजारात ग्राहकाने नंबर दिला, की तिथेच विनवतो, “ताई, आमचा नंबर गटाच्या नावाने सेव्ह करा.” सर्वांत मोठा उपाय हाच. नावाने सेव्ह केलेला नंबर अनोळखी राहत नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला निरोपही ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो.

फोनआधी निरोप धाडतो. गटाचे नाव, गावाचे नाव, कोणती ऑर्डर आणि फोन किती वाजता करू, एवढेच लिहितो. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट मिळते. त्यात गटाचे नाव, पत्ता आणि मालाचे फोटो लावून ठेवता येतात.

फोन उचलला की पहिल्या वाक्यात नाव, गाव आणि काम सांगतो. ओटीपी किंवा पिन कधीच विचारत नाही. पैशांची घाई करत नाही, कारण घाई भामटे करतात. उचलला नाही तर लागोपाठ लावत बसत नाही. “फोन करू नका,” असे कोणी म्हटले, तर वहीत त्या नावापुढे खूण करतो आणि पुन्हा करत नाही.

शिक्का बसलाच तर ओळखीच्या ग्राहकांना सांगा, ‘हा स्पॅम नाही’ असे ॲपमध्ये कळवा. ॲपवाल्यांकडे आपणही नाव दुरुस्तीची मागणी करू शकतो.

आणखी एक. सिमच्या अर्जातले नावच समोरच्याच्या फोनवर दिसावे, अशी शिफारस ट्रायने २०२४ मध्ये केली आहे. गटाचे सिम नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असेल, तर ग्राहकाला त्यांचे नाव दिसेल. धंदा आपला, तर सिमही आपल्या नावावर असू द्या. येत्या बैठकीत हा विषय घ्या आणि गटाचा नंबर कोणाच्या नावावर आहे ते आधी तपासा.