संत्रं त्यालाच सोलू द्या

आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

गेल्या काही वर्षांत एक वाक्य तुम्ही नातेवाइकांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं असेल : ‘‘फार पुण्याचं काम निवडलंस हो.’’ म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. तरीही आज मला या वाक्याला विरोध करायचा आहे. अपंगत्व असलेल्या माणसाबरोबर काम करणं हे पुण्यकर्म आहे असं एकदा ठरलं, की ते काम चांगलं झालं की वाईट, हे कुणी तपासत नाही. करणाऱ्याला पगार किती मिळतो, हेही विचारत नाही. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्याला तर कुणी काहीच विचारत नाही. तुम्ही शिकलात ते शास्त्र आहे आणि हातात यावं लागणारं कसब आहे. आज मिळालेली पदवी त्या कसबाची आहे.

आपण ज्यांना सेवेची मूर्ती म्हणून हार घालतो, त्यांची चरित्रं या दृष्टीनं पुन्हा वाचून पाहा. कमलाताई होस्पेट यांना कोवळ्या वयात वैधव्य आलं. त्यांनी परिचारिकेचं रीतसर शिक्षण घेतलं आणि मग १९२१ साली याच नागपुरात मातृ सेवा संघ उभा केला. बाळंतिणींसाठी सुरू झालेल्या त्या संस्थेनं पुढे ‘नंदनवन’ ही बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची शाळाही काढली. बाबा आमट्यांचं आनंदवन इथून शंभरेक किलोमीटरवर, वरोऱ्याला. बाबांची करुणा सगळ्यांना ठाऊक आहे. पण वकिली केलेला हा माणूस कुष्ठरोग समजून घेण्यासाठी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन शिकला, हे फारसं सांगितलं जात नाही. करुणेला ज्ञानाची जोड लागते, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

तिसरं नाव कमला निंबकर यांचं. जन्मानं अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात आशियातलं या विषयाचं पहिलं विद्यालय त्यांनी सुरू केलं. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मध्येही, हे शिक्षण मिळू लागलं. आज इथे बसलेल्यांपैकी काही जण थेट त्याच परंपरेतले आहेत. तरीही कमला निंबकरांचं नाव आपल्या विद्यार्थ्यांना माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

आता कसब म्हणजे काय, ते एका उदाहरणानं सांगते. सेरेब्रल पाल्सी असलेला सात-आठ वर्षांचा मुलगा. उजवा हात आखडलेला, अंगठा तळव्यात दुमडलेला. थेरपिस्ट त्याच्यासमोर एक संत्रं ठेवते. बाहेरून आणलेलं घट्ट सालीचं फळ नव्हे, आपलं नागपुरी, सैल सालीचं. ते तिनं विचार करून निवडलेलं असतं. आखडलेल्या हातात ते फळ नुसतं धरून ठेवायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं देठाजवळ साल उचकटायची. एरवी कामाला न येणारा हात इथे आधाराचं काम करतो. बोटं फळाच्या गोलाईवर उघडी राहतात. पहिल्या दिवशी रुपयाएवढी साल निघते, रस कोपरापर्यंत ओघळतो, मुलगा घामाघूम होतो. शेजारी आई बसलेली असते. तिला पाहवत नाही. तिचा हात पुढे येतो. ती ते संत्रं अर्ध्या मिनिटात सोलून, बिया काढून, फोडी त्याच्या तोंडात घालू शकते. थेरपिस्ट तिचा हात हळूच धरते आणि म्हणते, ‘‘ताई, थांबा थोडं. त्यालाच सोलू द्या.’’

त्या ‘थांबा’मध्ये तुमचं सगळं शिक्षण आहे. कोणता स्नायू, कोणती पकड, किती वेळ, कधी मदत करायची आणि कधी हात मागे घ्यायचा. आईची माया खोटी नाही, पण ती त्याच्या जागी काम करते. तुम्ही त्याला त्याचं काम त्याचं त्यानं करता येईल इथवर आणता. ही मेहनत हळू चालते, फोटोत दिसत नाही, आणि तिच्यासाठी व्यासपीठावर सत्कार होत नाही. ऐकू न येणाऱ्या बाळाची कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया काही तासांत संपते आणि वर्तमानपत्रात बातमी येते. त्यानंतर त्या बाळाला आवाज ओळखायला, शब्द उच्चारायला शिकवण्यात महिने, वर्षं जातात. ते काम तुमच्यातल्या स्पीच थेरपिस्टचं. ते झालं नाही, तर लाखोंचं यंत्र कानामागे नुसतं लटकत राहतं.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण ती तुमच्या रोजच्या कामात येणार आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. विदर्भासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. सिकलसेलचं दुखणं बाहेरून दिसत नाही. अंग धडधाकट दिसतं, म्हणून मुलाला आळशी ठरवलं जातं, शाळेत गैरहजेरीचे शेरे पडतात. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या आजारासाठी आयुष्य वेचलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्यासमोर असं मूल येईल तेव्हा काठी किंवा व्हीलचेअर दिसली नाही म्हणून त्याच्या वेदनेवर शंका घेऊ नका.

शाळांबाबतचा नियमही माहीत असू द्या. दर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे प्राथमिक शाळेत एक आणि माध्यमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणानंतर ठरलं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. त्याआधी या शिक्षकांनी वर्षानुवर्षं कंत्राटी मानधनावर काढली आणि तरी शाळा सोडल्या नाहीत. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांचं उदाहरण देऊन तुम्हाला कुणी कमी पैशांत राबवू लागलं, तर ऐकू नका. ‘सेवा आहे ना, मग पैशाचं काय’ असं म्हणणाऱ्या संस्थेत चांगली माणसं टिकत नाहीत, आणि त्याचा फटका शेवटी मुलांनाच बसतो. आपली नोंदणीही आधी करून घ्या. विशेष शिक्षक, ऑडिओलॉजिस्ट, कृत्रिम अवयव बसवणारे यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टांची राज्याच्या परिषदेकडे. नोंदणीशिवाय एकाही मुलाला हात लावू नका.

अजून एक प्रश्न मी तुमच्या हाती सोपवते आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की पुढे काय? बालगृहाचे नियम अठराला संपतात, अपंगत्व संपत नाही. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर हा प्रश्न कितीतरी वर्षं सरकारपुढे मांडत आहेत. टाकून दिलेल्या, बहुविकलांग मुलांना त्यांनी आपलं नाव दिलं आणि अठरानंतरही घराबाहेर काढलं नाही. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांच्याच घरातली एक अंध मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिची जिद्द मोठी आहेच. पण ब्रेल शिकवणारे, पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारे, लेखनिक म्हणून शेजारी बसणारे हात असल्याशिवाय जिद्दीला परीक्षेच्या हॉलपर्यंत पोचता येत नाही. प्रौढांसाठी काम करणारी माणसं आपल्याकडे फारच थोडी आहेत. रोजगार, सहजीवन, आईवडिलांनंतरची व्यवस्था या विषयांत तुमच्यातल्या काहींनी तरी शिरावं.

पालकहो, तुमच्याशीही दोन शब्द. मुलगी ‘तसल्या’ मुलांच्या शाळेत नोकरी करते, हे सोयरिकीच्या बैठकीत आडून आडून सांगू नका. सरळ सांगा, आणि तिचा पगारही सांगा.

आणि विद्यार्थ्यांनो, एक विनंती. पुण्या-मुंबईत जागा भरतील, परदेशातही तुम्हाला मागणी आहे. जरूर जा. पण पहिली दोन-तीन वर्षं गडचिरोली, गोंदिया, भंडारा, यवतमाळला द्या. तिथली आई मुलाला कडेवर घेऊन पहाटेच्या एसटीनं नागपूरच्या मेडिकलला येते, वीस मिनिटांची थेरपी घेते आणि रात्री परतते. तिकिटाला सवलत मिळते, पण त्या दिवसाची मजुरी बुडते. दोन-तीन खेपा झाल्या की ती येणं बंद करते. तुम्ही तिच्या तालुक्याला असाल, तर तिला ही खेप करावी लागणार नाही. पुढच्या महिन्यात नोकरीचे अर्ज भराल, तेव्हा या चार जिल्ह्यांची नावं पसंतीक्रमात वर लिहा.