मेंदूचा मुका मार



आपल्या मराठीत एक नेमका शब्द आहे, मुका मार. रक्त नाही, जखम नाही. पण आत ठणका. कबड्डीत डोकं आदळलं, मोटारसायकलवरून पडलं, की मेंदूलाही असा मुका मार बसू शकतो. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. यात सीटी स्कॅन बहुधा नॉर्मल येतो. शुद्ध हरपलीच पाहिजे असंही नाही.

कॉलेजच्या मुलांची पंचाईत इथूनच सुरू होते. रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग बस वर्गात! पण फळ्यावरून वहीत पाहताना डोळे दमतात, ट्यूबलाइट टोचते, वाचलेली ओळ पान उलटेपर्यंत निसटते. माझा भाचा एस.वाय.ला असताना मैदानावर असाच आपटला. एरवी शेर तोंडपाठ असणारा पोरगा. म्हणाला, "मामू, अक्षरं दिसतात, पण अर्थ लागत नाही." घरात कुणीतरी म्हणालं, नाटक करतोय. तो शब्द त्याला फार लागला.

पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. २०२२ साली ॲमस्टरडॅमला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेतून आलेला सल्ला वेगळा आहे. पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मोबाइल कमी. थोडं चालायला हरकत नाही. मग अभ्यास पायरीपायरीनं. आधी घरी ५ ते १५ मिनिटं वाचन, त्रास फार वाढला की थांबायचं. मग थोडे तास कॉलेज, मग पूर्ण दिवस. अभ्यास पूर्ण झेपल्याशिवाय आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा सामना खेळायचा नाही. बरं होण्याआधी दुसरा मार बसला तर धोका मोठा. बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. मात्र डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, झटके किंवा गुंगी आली, तर तडक इस्पितळ गाठा.

प्राध्यापकांना एक विनंती. हजेरीचे ७५ टक्के मोजताना या मुलाचं वैद्यकीय प्रमाणपत्र नीट वाचा. नोट्स आधी द्या. चाचणी पुढं ढकलता आली तर ढकला, नाहीतर मध्ये थांबायला वेळ द्या. आणि मित्रांनो, तुम्ही त्याला हळू आवाजात धडा वाचून दाखवा.

हाताला प्लॅस्टर असलं, की अख्खा वर्ग न सांगता वही लिहून देतो. मेंदूला प्लॅस्टर घालता येत नाही. तिथं त्या मुलाच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो.