सारखी वांटणी व न्याय्य वांटणी

नांदेड-लातुराकडील शेतकऱ्यास सावडीची रीत सांगावी लागत नाहीं. पेरणी खोळंबली म्हणजे शेजारी आपापलीं औतें घेऊन एकाच्या शेतांत येतात. पुढें तोहि त्यांच्या शेतांत जातो. तीच रीत संगणकांनीं उचलली आहे.

हवामानासारखें प्रचंड गणित एकट्या संगणकास पेलत नाहीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं अनेक प्रक्रियक एकत्र राबविणारा 'परम ८०००' सिद्ध केला. १९९८ च्या 'परम १००००' मध्यें तर बाजारांत मिळणारे संगणकच जाळ्यानें जोडले होते. मात्र तीं यंत्रें त्याच कामासाठीं राखलेलीं. नांदेड वा लातूर येथील महाविद्यालयास असें यंत्र कोठून परवडावें? त्याच्यापाशीं असतात ते विद्यार्थ्यांचे नित्याचे संगणक.

समजा, असे वीस संगणक आहेत आणि कामाचे दोनशें तुकडे आहेत. मोकळा संगणक एक तुकडा एका मिनिटांत उरकतो. परंतु चार संगणकांवर विद्यार्थी बसले असल्यानें त्यांस पांच मिनिटें लागतात. प्रत्येकास दहा तुकडे सारखे वांटले, तर सोळाजण दहा मिनिटांत मोकळे होतात व त्या चौघांची वाट पाहत चाळीस मिनिटें रिकामे बसतात. सगळें काम पन्नास मिनिटांनीं संपतें. उलट, हातचा तुकडा संपेल त्यानें पुढचा मागून घ्यावा, असा नियम केला, तर तेंच काम पंधरा मिनिटांत होतें! मात्र तुकडे फारच बारीक केले, तर काम करण्यापेक्षां निरोपांच्या जा-ये मध्येंच वेळ जातो.

दुसरा नियम याहून नाजूक आहे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत १९८० च्या दशकांत 'कॉन्डॉर' ही व्यवस्था निर्माण झाली. संगणकाचा धनी उठून गेला कीं ती त्यावर पाहुणें काम चढविते. धनी परतला कीं झालेलें काम जपून ठेवून तें दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर नेते. झालेली मेहनत वांया जात नाहीं आणि धन्याचाहि खोळंबा होत नाहीं.

हें सौजन्य केवळ शोभेचें नव्हे. आपलें यंत्र परक्या ओझ्यानें मंदावतें असें दिसतांच धनी तें जाळ्यांतून काढून घेईल, आणि मग वांटणी कितीहि हुशारीची असो, सावडच मोडेल. ज्याचें औत, त्याचा हक्क पहिला. हें पाळलें तरच दुसऱ्याचें शेत पेरून होतें.